एकेरी रुळावरून तादामीला: जपानच्या खेड्यांतली रेल्वे

मुलांच्या सुट्ट्या जवळ आल्या की इथल्या मराठी घरांत हल्ली जपानचा विषय हमखास निघतो. टोकियो, क्योटो, फुजी पर्वत आणि ताशी ३०० किलोमीटरने सुटणारी शिनकानसेन, ही यादी आता सगळ्यांना पाठ झाली आहे. आज आपण त्याच देशातल्या अगदी वेगळ्या रेल्वेबद्दल बोलणार आहोत. एक किंवा दोन डब्यांची डिझेल गाडी, एकच रूळ, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि काही पट्ट्यात दिवसभरात जाणाऱ्या तीन अन् येणाऱ्या तीन, एवढ्याच गाड्या. अशा मार्गांवरून प्रवास कसा करायचा ते पाहूच. पण त्याआधी, हे मार्ग अजून चालू कसे आहेत, हेही समजून घेऊ. कारण ते कळलं की प्रवासाची मजा वाढते.

एकेरी मार्ग म्हणजे काय, हे कोकण रेल्वेने गावी गेलेल्यांना समजावून सांगायला नको. गाडी मध्येच एखाद्या स्टेशनात उभी राहते, लोक खाली उतरून पाय मोकळे करतात, आणि कोणीतरी सांगतं, ‘क्रॉसिंग आहे.’ समोरून येणारी गाडी बाजूच्या रुळावरून निघून गेली की आपली हलते. जपानच्या डोंगराळ भागातही हेच चालतं. डोंगरात बोगदे खोदायचे, नदीवर पूल बांधायचे, तर एका रुळापुरतं बांधणं स्वस्त पडतं. मग दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचं ते ठरावीक स्टेशनांतच.

समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून नियम एकच: दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आज बहुतेक ठिकाणी हे काम सिग्नल करतात. पूर्वी मात्र चालकाच्या हातात एक धातूची चकती दिली जायची. ती हातात असेल तरच पुढच्या तुकड्यात शिरायचं. चकती देणारं यंत्र असं बनवलेलं की एक चकती बाहेर काढली की ती परत जमा होईपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरी निघतच नाही. गंमत म्हणजे या पद्धतीचं मूळ आपण राहतो त्या ब्रिटनमधलं. एडवर्ड टायर नावाच्या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात हे यंत्र बनवलं आणि ते जपानपर्यंत पोहोचलं. उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतात त्सुगारू रेल्वे म्हणून एक छोटी खासगी रेल्वे आहे, सुमारे २१ किलोमीटरची. तिथे आजही ही चकती हातोहात दिली जाते. भारतात लहानपणी ज्यांनी स्टेशनमास्तरच्या हातातली ती मोठी कडी आणि तिच्यातलं टोकन पाहिलं असेल, त्यांना तिथे एकदम ओळखीचं वाटेल. याच रेल्वेवर डिसेंबर ते मार्च एक गाडी अशी धावते जिच्या डब्यात कोळशाची शेगडी पेटवलेली असते. बाहेर बर्फ, आत शेगडी, आणि त्या शेगडीवर सुके माकूळ भाजून देतात. शाकाहारी मंडळींनी शेगडीची ऊब घ्यावी आणि जरा वाऱ्याच्या उलट बाजूला बसावं.

आता येऊ आजच्या मुख्य मार्गाकडे. त्याचं नाव तादामी लाइन. फुकुशिमा प्रांतातल्या आइझु-वाकामात्सु गावापासून निगाता प्रांतातल्या कोइदेपर्यंत १३५ किलोमीटर. एवढ्या अंतराला चार तासांहून जास्त वेळ लागतो. सुरुवातीला सपाट भातशेती लागते. मग डोंगर जवळ येतात आणि तादामी नदी भेटते. त्यानंतर गाडी ही नदी पुन्हा पुन्हा ओलांडत वर चढते. नदीवर धरणं असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पाणी संथ आहे, आणि सकाळी त्यात डोंगर जसाच्या तसा उमटलेला दिसतो. तादामी गाव सोडल्यावर सहा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, आणि बाहेर पडलो की आपण निगाता प्रांतात असतो.

ही धरणं आणि ही रेल्वे यांचं नातं जुनं आहे. आइझु-कावागुची ते तादामी हा पट्टा मुळात तागोकुरा धरणाचं सामान वाहून नेण्यासाठी टाकला गेला. धरण झाल्यावर, १९६३ साली, तो सरकारी रेल्वेत आला. संपूर्ण मार्ग जोडला गेला १९७१ मध्ये. म्हणजे शिनकानसेन सुरू होऊन सात वर्षं झाली होती, तेव्हा या गावांना दोन्ही बाजूंनी रेल्वे मिळाली.

आणि दहाच वर्षांत ती बंद करायची चर्चा सुरू झाली. जपानची सरकारी रेल्वे कर्जात बुडाली होती. १९८० च्या कायद्याने असं ठरलं की ज्या मार्गावर दर किलोमीटरमागे दिवसाला सरासरी ४,००० पेक्षा कमी प्रवासी आहेत, ते छाटायच्या यादीत घ्यायचे. अशा ८३ मार्गांवर गदा आली. त्यांतल्या ४५ ठिकाणी बस आली आणि ३८ मार्ग स्थानिक कंपन्यांकडे गेले. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर जे झालं ते इथल्या जुन्या शेजाऱ्यांकडून तुम्ही ऐकलं असेल. साधारण त्याच जातीचा हा प्रकार. तादामी लाइन आकड्यांत कुठेच बसत नव्हती. ती वाचली ती बर्फामुळे. या भागात बर्फ इतका पडतो की तादामीहून निगाताकडे जाणारा घाटरस्ता हिवाळ्यात बंदच असतो. त्या काळात पलीकडे जायला रेल्वे हीच वाट. पर्यायी रस्ताच नाही, म्हणून मार्ग राहिला.

खरी परीक्षा २०११ साली आली. त्याच वर्षी मार्चमध्ये फुकुशिमावर भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीचं संकट कोसळलं होतं. जुलैच्या अखेरीस प्रचंड पाऊस झाला, तादामी नदीला पूर आला आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. आइझु-कावागुची ते तादामी, जवळजवळ २८ किलोमीटरचा पट्टा बंद पडला. तिथे बस सुरू झाली. पुराच्या आदल्या वर्षी या पट्ट्यात दर किलोमीटरमागे दिवसाला सरासरी प्रवासी किती होते, माहीत आहे? ४९. कायद्यातला आकडा होता ४,००० आणि इथे ४९.

कोणत्याही हिशेबनिसाने तिथेच वही मिटली असती. रेल्वे कंपनीचंही म्हणणं होतं की बसच ठेवावी. गावांनी आणि प्रांताने ऐकलं नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. शाळकरी मुलं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, हे तर आहेतच. पण नकाशावरून रेल्वे पुसली गेली की बाहेरचा माणूस त्या गावाकडे वळायचं कारणही जातं. आणि गेलेली रेल्वे परत आल्याची उदाहरणं फारच थोडी. बरीच वर्षं बोलणी चालली, आणि २०१७ मध्ये तोडगा निघाला. रूळ, पूल, स्टेशनं यांची मालकी फुकुशिमा प्रांताकडे घ्यायची, देखभालीचा खर्च प्रांताने आणि गावांनी उचलायचा, आणि त्यावर गाड्या चालवायच्या रेल्वे कंपनीने. म्हणजे रस्ता जसा सरकारचा आणि बस कंपनीची, तसंच. दुरुस्तीला सुमारे ९०० कोटी येन लागले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी, अकरा वर्षांनी, पहिली गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. लोक झेंडे घेऊन रुळाकाठी उभे होते.

मग सगळं गोड झालं का? तसं नाही, मंडळी. देखभालीचा खर्च दरवर्षी येतोच, आणि गावांतली माणसं कमी होत चालली आहेत. तादामी लाइनचं एक चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल: हिरव्या नदीवर कमानीचा पूल, आणि त्यावर इवलीशी गाडी. हा या नदीवरचा पहिला पूल. ते चित्र समोरच्या टेकडीवरून काढलेलं असतं. ते काढायला बरेच जण मोटारीने येतात, गाडी पुलावर आली की फोटो घेतात आणि मोटारीनेच परत जातात. त्यांच्या फोटोत रेल्वे असते, पण रेल्वेच्या गल्ल्यात त्यांचं तिकीट नसतं. दरम्यान जपानमध्ये २०२३ साली नवा कायदा लागू झाला. त्याने सरकार, रेल्वे कंपनी आणि गावं यांना एकत्र बसवून तोट्यातल्या मार्गांचं काय करायचं ते ठरवायची सोय केली. पश्चिमेकडच्या गेइबी लाइनच्या एका पट्ट्यावर अशी पहिली बैठक मार्च २०२४ मध्ये झाली. असे आणखी मार्ग रांगेत आहेत. म्हणून ज्यांना जायचं आहे त्यांनी फार वर्षं थांबू नये, आणि गेल्यावर तिकीट काढून गाडीत बसावं.

तर आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन्सिल घ्या हवं तर.

पहिली गोष्ट वेळापत्रक. इथे ‘ही चुकली तर पुढची’ असं चालत नाही. पुढची गाडी चार-पाच तासांनी असू शकते, किंवा थेट दुसऱ्या दिवशी. आधी गाडी ठरवा, मग हॉटेल. मध्ये एखाद्या गावात उतरायचं असेल तर परतीची वेळ लिहून खिशात ठेवा. आइझु-यानाइझु हे उतरण्यासारखं गाव आहे. नदीकाठी कड्यावर जुनं मंदिर आहे, आणि मान डोलावणाऱ्या लाल बैलाचं खेळणं, आकाबेको, त्याची कथा या गावाशी जोडलेली आहे. लहान मुलांना ते नक्की आवडतं.

दुसरी गोष्ट, गाडीत चढणं-उतरणं. अशा बऱ्याच गाड्यांत चालक हाच कंडक्टर. इंजिन वेगळं नसतं, ते डब्याच्याच पोटाखाली असतं. ज्या स्टेशनात माणूस नाही तिथे साधारणपणे मागच्या दाराने चढायचं. दार आपोआप उघडलं नाही तर बाजूचं बटण दाबायचं. आत शिरताच एका यंत्रातून नंबराची चिठ्ठी निघते, ती प्रत्येकाने घ्यायची. चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो. आपल्या चिठ्ठीच्या नंबराखाली दिसेल तेवढं भाडं. उतरताना पुढच्या दाराशी या, चिठ्ठी आणि पैसे पेटीत टाका. आधी काढलेलं तिकीट किंवा पास असेल तर चालकाला दाखवा. सुटे पैसे हवेतच. पेटीजवळ नोट मोडून मिळते, पण सहसा १,००० येनचीच. १०,००० ची नोट पुढे केलीत तर मागे रांग आणि समोर ओशाळलेला चालक. शहरात चालणारं टॅप करायचं कार्ड या भागात चालेलच असं धरून चालू नका.

तिसरी, पास. परदेशी पाहुण्यांसाठीचा जपान रेल पास तादामीसारख्या जेआर मार्गावर चालतो. त्सुगारूसारख्या खासगी रेल्वेवर चालत नाही, तिथे वेगळं तिकीट. शिवाय सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तेव्हा आधी बेरीज करा. नुसत्या हळू गाड्यांनी फिरणार असाल तर वर्षातून तीन हंगामांत निघणारं ‘सेइशुन ज्यूहाची’ नावाचं तिकीट पाहा. सलग तीन किंवा पाच दिवसांचं मिळतं. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही, आजी-आजोबाही घेऊ शकतात. मुलांचं म्हणाल तर सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि त्याहून लहान दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट.

चौथी, पोटापाण्याचं. गाडीत काही विकत मिळेल असं समजू नका. गाडी पकडण्याआधीच मोठ्या स्टेशनाजवळ खाऊ आणि पाणी घेऊन ठेवा. शाकाहारी लोकांनी आपला डबा बरोबर ठेवलेला बरा, कारण तिथल्या भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं. दशम्या आणि कोरडी चटणी दोन दिवस छान टिकते. समोरासमोर बाकं असतील तर सावकाश खायला हरकत नाही. लोकलसारखी लांबच लांब आडवी बाकं असतील आणि गर्दी असेल, तर डबा जरा मागे ठेवा.

पाचवी, सामान. मोठ्या बॅगा पुढच्या हॉटेलवर पाठवून देणारी सेवा जपानभर आहे. ती वापरा आणि एका दिवसाची पिशवी घेऊन बसा. आणि ऋतू. ऑक्टोबरच्या अखेरीस पानं लाल होतात तेव्हा गर्दी असते, जागेसाठी लवकर या. बर्फात दृश्य अप्रतिम, पण त्याच बर्फामुळे गाडी रद्दही होते. तेव्हा दुसऱ्याच दिवशीचं विमान ठेवू नका.

शेवटी एकच. ही गाडी मुख्यतः तिथल्या लोकांची आहे. शाळा सुटली की गणवेशातली मुलं चढतात, भाजीच्या पिशव्या घेऊन आजी बसतात. त्यांना जागा द्या, खिडकीसाठी धावपळ करू नका. गावात उतरलात तर एक वेळचं जेवण तिथे घ्या, एखादी वस्तू विकत घ्या. शेतात उभं असलेलं कोणी गाडीकडे पाहून हात हलवेल. मुलांना सांगा, तुम्हीही हलवा. अकरा वर्षं त्या रुळावरून कोणीच गेलं नव्हतं, त्यामुळे गाडीत माणसं दिसली की त्यांना बरं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी अशा गाडीने जाऊन आलं असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोपर्यंत नमस्कार, आणि प्रवासाला निघालात तर सुखरूप जा, सुखरूप या.