30 ग्रॅम तांदूळ म्हणजे किती वाटी? स्वयंपाकघरातली मापे आणि तुमची तब्येत

"डॉक्टर, आहाराच्या तक्त्यात 30 ग्रॅम तांदूळ लिहिलेत. म्हणजे किती वाटी?" कर्वेनगरमधल्या माझ्या दवाखान्यात मधुमेहाचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तक्ता ग्रॅममध्ये असतो, पण आपण स्वयंपाक वाटी-चमच्याने करतो. शिवाय प्रत्येक घरातली वाटी वेगळी.

वाटी वजन मोजत नाही

वाटी, चमचा किंवा पूर्वीची पायली ही आकारमानाची मापे आहेत. भांड्यात पदार्थ किती जागा व्यापतो, एवढेच ती सांगतात. जड पदार्थ असेल तर तेवढ्याच जागेत वजन जास्त भरते, हलका असेल तर कमी. एक लिटर तेलाची पिशवी पाहा. तिच्यावर वजन साधारण 910 ग्रॅम लिहिलेले असते, 1000 नाही.

तुमची वाटी एकदा मोजून ठेवा

1. डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा.
2. वाटी पाण्याने काठोकाठ भरा. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिली तुमच्या वाटीचे माप.
3. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाच्या झाकणाने पाणी मोजून वाटी भरा.

समजा, वाटी 150 मिलीची निघाली. सपाट भरल्यास तिच्यात अंदाजे इतके मावते:

- तेल: 137 ग्रॅम
- साखर: 125 ग्रॅम
- कच्चे तांदूळ: 120 ग्रॅम
- कणीक (दाबून न भरता): 80 ग्रॅम

म्हणजे 30 ग्रॅम तांदूळ या वाटीने पाव वाटी झाले. शिजल्यावर पाणी शोषून त्यांचे वजन साधारण अडीच ते तीन पट होते. त्यामुळे तक्त्यातले वजन कच्च्याचे आहे की शिजवलेल्याचे, हे आहारतज्ज्ञांना जरूर विचारा. या एका गोंधळात भात तिप्पट होऊ शकतो आणि साखर का वाढते, ते कळत नाही.

मीठ: चमचा नको, पुडी मोजा

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. 5 मिलीच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे 6 ग्रॅम भरते. शिगेचा चमचा घेतला तर आणखी जास्त.

रोजचे मीठ मोजणे कठीण वाटत असेल तर पुडीवर उघडल्याची तारीख लिहा. चार प्रौढांच्या घरात एक किलो मीठ किमान 50 दिवस पुरायला हवे. त्याआधी संपत असेल तर हात आवरा. लोणचे, पापड, फरसाण आणि बाहेरच्या खाण्यातले मीठ याशिवाय असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये.

जुलाबात माप चुकवू नका

जुलाब होत असतील तर ओआरएसची तयार पुडी सर्वांत चांगली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा. 20.5 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते.

पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 5 मिलीच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. इथे अंदाज चालत नाही. मीठ जास्त झाले तर रक्तातले सोडियम वाढून लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर घरी थांबू नका.

आणि पुढच्या तपासणीला येताना तुमच्या वाटीचे माप कागदावर लिहून आणा. मग तक्ता तुमच्याच वाटीच्या हिशेबाने लिहून देता येईल.