लाल शाईची पत्रे

दिवाळीची आवराआवर चालली होती. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा एक जुडगा निघाला. अक्षर माझेच, शाई निळी. आणि त्या निळ्या ओळींच्या डोक्यावर जागोजागी लाल खुणा. आमच्या सौ.नी विचारले, "ही रद्दीत घालू ना?"

"छे, छे!" मी म्हणालो, "ही आमची इंग्रजीची इस्टेट आहे."

वाचकहो, त्या लाल शाईचे धनी म्हणजे आमचे इंग्रजीचे सर.

मी १९५९ साली पुण्यातल्या एका शाळेत आठवीत गेलो. त्या काळी मुंबई राज्यात रीतसर इंग्रजी सुरू होई ते आठवीपासून. आजची मुले ऐकून हसतील. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आले. आम्ही मात्र मिसरूड फुटायच्या बेताला 'ए, बी, सी' गिरवीत होतो आणि पुढे तीनच वर्षांनी अकरावीची एस. एस. सी. 'आ' वासून उभी होती. घरोघरी तर्खडकरांची भाषांतरमाला होती आणि पोटात गोळा होता.

सर वर्गावर आले ते धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि खिशाला दोन पेने अशा थाटात. एक निळे, एक लाल. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर 'नाइफ' हा शब्द लिहिला. एकाने विचारले, "सर, यातला 'के' बोलत नाही, मग ठेवलाय कशाला?"

सर म्हणाले, "अरे, तो घरातला म्हातारा आहे. एके काळी बोलत असे; इंग्रज लोक तो 'के' खरोखरच उच्चारीत. आता गप्प असतो. पण गप्प बसतो म्हणून कोणी म्हाताऱ्याला घराबाहेर काढतं का?"

त्यानंतर 'नाइफ'मधला 'के' विसरण्याची आमच्या वर्गात कोणाची छाती झाली नाही.

मराठीत नसलेले 'अ' आणि 'द' त्यांनी असेच शिकवले. "रस्त्यात कोणी भेटला, तो 'अ मॅन'. त्याला घरी आणून चहा पाजलात, की झाला 'द मॅन'!" आमच्या एकाच 'व'ला इंग्रजीत दोन भाऊ आहेत, एकाला खालच्या ओठावर दात टेकवायचे आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. तो तास चालू असताना बाहेरून कोणी पाहिले असते, तर वर्ग वेडावून दाखवतो आहे असेच वाटले असते! रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचा धसका घेतला, तेव्हा सरांनी सांगितले, की यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यातच शिक्षणखात्यात होते आणि पुढे १९२४ साली त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी जगभर गाजली. "व्याकरण लिहिणाऱ्याला जर गोष्ट सांगता येते, तर व्याकरण वाचणाऱ्याला का येऊ नये?"

एका गोष्टीची मात्र त्यांना चीड होती. ती म्हणजे विशेषणे. निबंधात 'व्हेरी ब्यूटिफुल' दिसले, की लाल पेन आडवे फिरलेच. "विशेषण म्हणजे मीठ. मूठभर घातलंत, तर भाजी टाकून द्यावी लागते."

मग आली १२ जुलै १९६१ ची ती सकाळ. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. सरांचे बिऱ्हाड नारायण पेठेत, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघे चिखल काढायला गेलो. काकू भांडी शोधत होत्या आणि सर फुगून दुप्पट झालेल्या शब्दकोशाची पाने एकेक करून सुटी करीत होते. जन्मभर जमवलेली पुस्तके गेली होती. सर एवढेच म्हणाले, "शब्द वाहून जात नाहीत रे."

शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरांनी विषय दिला, 'आमच्या घरातून काय गेले.' इंग्रजीत लिहायचे. कोणाची शिलाईची मशीन गेली होती, कोणाची गाय. वह्या परत आल्या. चुकांचा नुसता सडा पडला होता, पण लाल खूण एकीवरही नव्हती. त्या एका दिवशी सरांचे लाल पेन खिशातच राहिले.

शाळा सुटताना त्यांनी सांगितले, "महिन्याला एक पत्र इंग्रजीत पाठवायचं. मी तपासून परत करीन." बहुतेकांनी दोन-चार पाठवली. मी मुंबईला कारकून म्हणून चिकटलो आणि पाठवीत राहिलो. साधी कचेरीतली नोकरी, पण साहेब मसुदा माझ्याकडून करून घेई, तो त्या लाल खुणांच्या जोरावर.

हेडक्लार्क झालो, तेव्हा मोठ्या दिमाखात चार पाने लिहिली. ती परत आली, सतरा लाल खुणा घेऊन. नेमकी ती कचेरीतल्या मंडळींनी पाहिली आणि दिवसभर थट्टा चालली. माझा पारा चढला. आपण काय आता शाळकरी पोर आहोत? पत्र लिहिणे मी बंद केले. एक नाही, दोन नाही, सहा वर्षे!

पुढे एका लग्नासाठी पुण्याला गेलो. मन खात होते, म्हणून सरांकडे डोकावलो. ते केव्हाच निवृत्त झाले होते. काचबिंदूने दृष्टी गेली होती. मी वाकून नमस्कार केला, दोन शब्द बोललो आणि आवाजावरून त्यांनी ओळखले.

"पत्र येईना, तेव्हा मी हिला म्हटलं," ते हसून म्हणाले, "पोराचं इंग्रजी सुधारलेलं दिसतं."

त्यांच्या हसण्यात टोमणा नव्हता. तो असता, तर मला इतके लागले नसते.

मी पुन्हा लिहू लागलो. सरांची शाळकरी नात पत्र वाचून दाखवी, सर कानाने चुका पकडीत आणि ती लाल पेनाने खुणा करी. खुणा थोड्या वाकड्यातिकड्या येत, पण चूक एकही निसटत नसे.

शेवटचे पत्र मी गुरुपौर्णिमेला लिहिले. आयुष्यात प्रथमच मनातले सारे कागदावर उतरवले. ते परत आले, तेव्हा सोबत नातीची चिठ्ठी होती. सर जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी ते ऐकले होते आणि "वेळेवर पोस्टात टाक," असे बजावले होते.

पत्रात मी लिहिले होते, 'माय ग्रेट, नोबल अँड अनफर्गेटेबल टीचर.' मधल्या शब्दांवर लाल रेघ होती. राहिले होते फक्त 'माय टीचर'.

जुडगा पुन्हा बांधून ट्रंकेत ठेवला आहे. हा लेख लिहून झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घातला. सरांच्या नावामागे एकही विशेषण लागलेले नाही, एवढी खात्री करून घेतली आणि मगच पाकीट बंद केले.