चाकांवरची काळी धूळ अ‍ॅसिडने घालवू नका

आमच्या चिपळूणकडची माती लाल. पांढरा लेंगा घालून मोटारसायकलवरून गावाला जाऊन या, पायापाशी तांबडा होऊन येतो. मग गाडीच्या पुढच्या चाकांवर बसणारी धूळ काळी कशी? हा प्रश्न मला सातवीतल्या एका मुलाने विचारला. त्याचे अब्बा दर रविवारी गाडी धुतात आणि चाकांपाशी येऊन कंटाळतात, असेही त्याने सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गाडीच्या चाकावरची धूळ ओल्या कागदावर टिपून घेतली, वाळवली आणि वर्गात नेली. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या धुळीवरून फिरवला. बरीचशी धूळ उभी राहून पिशवीला चिकटली. वर्गात एकच गलका! रस्त्यावरची माती अशी चिकटत नाही. ही पूड लोखंडाची आहे.

ती येते ब्रेकमधून. पुढच्या चाकाच्या आत बिडाची एक गोल तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमट्यासारखे पकडतात. पॅडमध्ये धातूचे तंतू, ग्रॅफाइट आणि हे सगळे बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ असतो. प्रत्येक वेळी पॅडही थोडा झिजतो, डिस्कही झिजते, आणि ती गरम पूड उडून चाकावर बसते. गाडी थांबवताना वजन पुढे येते, म्हणून पुढच्या ब्रेकवर जास्त काम पडते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम असतात, त्यांची पूड ड्रमच्या आतच राहते. म्हणून पुढची चाके काळी आणि मागची जराशी मळकट, एवढाच फरक दिसतो.

आता ही पूड नुसती बसून राहिली असती तर काही बिघडले नसते. पण लोखंड आहे, त्याला पाणी मिळाले की ते गंजणारच. कोकणात पाऊस चार महिने, आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना खारी हवा बारा महिने. अ‍ॅलॉय व्हील अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि त्यावर रंगाचा व पारदर्शक लॅकरचा थर असतो. गंजणारे कण त्या थरात रुतून बसतात. चाक धुतल्यावरही नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. मग माणूस वैतागतो आणि चुकीच्या इलाजाकडे वळतो.

आमच्या भाईजाननी तेच केले. कुवेतहून सुट्टीवर आले होते, घरात भाचीचे लग्न होते, गाडी चकाचक हवी होती. एका वॉशिंग सेंटरवर पोराने बाटलीतले पाण्यासारखे काहीतरी ब्रशने चाकांना लावले. फेस आला, काळे गेले, भाईजान खूश. पंधरा दिवसांत चारही चाकांवर पांढरट चट्टे उठले. लॅकर गेला होता आणि उघडे पडलेले अ‍ॅल्युमिनियम खराब होऊ लागले होते. पुन्हा रंगवून घेण्याचा खर्च ऐकून ते दोन दिवस गप्प होते.

चाकाचे नुकसान भरून तरी येते. मला काळजी वाटते ती बाटली हातात धरणाऱ्या पोरांची, जी अनवाणी, उघड्या हातांनी काम करतात. चाके उजळवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा त्याच जातीचे क्षार असतात. हे अ‍ॅसिड सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच जळजळ होतेच असे नाही. ते आत शिरते आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. असे काही अंगावर उडाले तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचे आणि दुखायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. घरातले संडास साफ करायचे अ‍ॅसिडही चाकाला लावू नका. कॉस्टिक सोडाही नको, तोही अ‍ॅल्युमिनियम खातो.

मग धुवायचे कसे? गाडी सावलीत लावा आणि चाके हाताला गार लागेपर्यंत थांबा. घाट उतरून आल्या आल्या पाणी मारू नका. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते. धूळ कोरडी झटकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ती श्वासातून आत जाते, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये तर अ‍ॅस्बेस्टॉसही असायचे. आधी साध्या पाण्याने भिजवून सुटी धूळ वाहू द्या. नंतर बादलीत कार शाम्पू घ्या, मऊ ब्रशने आऱ्यांच्या मधे आणि नटांच्या खाचांत फिरवा, एक चाक पूर्ण धुऊन झाले की मग दुसरे. तारेची घासणी आणि काथ्या स्वयंपाकघरातच राहू द्या. चाकाचे फडके आणि बादली वेगळी ठेवा. त्याच फडक्याने बोनेट पुसलेत तर लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. ज्यांच्याकडे स्टीलची रिम आणि वर प्लास्टिकचे कव्हर आहे त्यांनी कव्हर काढून आतूनही धुवावे.

एवढे दर आठवड्याला केले तर बहुतेक गाड्यांना दुसरे काही लागत नाही. ठिपके रुतलेच असतील तर आयर्न रिमूव्हर मिळतो. अ‍ॅसिड नसलेला बघून घ्या. तो फवारला की काही मिनिटांत लोखंडाशी संयोग होऊन जांभळा रंग ओघळतो. वास कुजलेल्या अंड्यासारखा, त्यामुळे मोकळ्या जागेत आणि हातमोजे घालूनच. चाकावर सुकू न देता धुऊन टाका.

चाक कोरडे झाले की मेण किंवा व्हील सीलंटचा पातळ हात द्या. साधे मेण उष्णतेने लवकर उतरते, सीलंट काही महिने टिकतो, सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त पण महाग. कशानेही धूळ बसायची थांबत नाही, फक्त नंतर ती नुसत्या पाण्याने सुटते. सीलंट फवारू नका, फडक्यावर घेऊन लावा. डिस्कवर मेण, टायर पॉलिश किंवा तेलाचा थेंबही जाता कामा नये. सर्व्हिसिंगला गाडीखाली डिझेल मारायची आपल्याकडे पद्धत आहे, ते ब्रेकवर उडाले तर गाडी थांबणार कशी? रॉकेलने चाक पुसणाऱ्यांनाही हेच सांगणे. धुणे आटोपल्यावर रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू चालवून दोन-चारदा ब्रेक दाबा, म्हणजे ओली डिस्क कोरडी होते.

धूळ मुळातच कमी करायची असेल तर उतारावर गिअर खाली घ्या आणि इंजिनला गाडी धरू द्या. न्यूट्रलमध्ये घाट उतरणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे. युरोपात तर आता युरो 7 नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा घातली आहे: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, बॅटरीवरच्या गाड्यांना 3. बॅटरीची गाडी वेग कमी करताना बराचसा भार मोटरवर घेते, म्हणून तिचे पॅड कमी झिजतात.

आणि चाके स्वतः धुण्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा असा, की त्या निमित्ताने आपण खाली बसून त्यांच्याकडे बघतो. मागच्या वर्षी कराडहून कुंभार्ली घाटाने आलो, अम्मी आणि मुले गाडीत होती. दुसऱ्या दिवशी धुताना पाहिले तर पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा कितीतरी काळे. वाटेत जळल्यासारखा वास आला होता, तो मी पुढच्या ट्रकच्या माथी मारला होता. मेकॅनिकने चाक खोलले. कॅलिपरची पिन जाम झाली होती, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होता आणि झिजून पत्र्याला टेकायला आला होता. तो म्हणाला, मॅडम, याच्या उलटही होते. एक चाक कधीच काळे होत नसेल तर तिथे ब्रेक लागतच नाही असे समजा. आणि धूळ ओलसर, तेलकट दिसली तर ब्रेकचे तेल गळत असेल, मग गाडी जागची हलवू नका, मला फोन करा.

पिन साफ करून ग्रीस लावले, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. पुढच्या रविवारी धुवायला बसले तेव्हा दोन्ही चाके सारखीच काळी होती. आयुष्यात पहिल्यांदा तो काळेपणा बघून मला बरे वाटले.