रात्रीची खाज : खरूज वेळीच ओळखा

"डॉक्टर, दिवसा फारसे जाणवत नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुटते," असे रुग्ण सांगू लागला की मी आधी विचारतो, "घरात आणखी कोणाला खाजते?" उत्तर 'हो' आले की माझा पहिला संशय खरजेवर जातो.

खरूज हा डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या किड्यामुळे होणारा रोग आहे. मादी कातडीत बारीक बोगदा करून अंडी घालते. लोकलच्या गर्दीतला ओझरता स्पर्श सहसा पुरत नाही. बराच वेळ अंगाला अंग लागावे लागते. म्हणूनच उल्हासनगरच्या बराकींत किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत, जिथे एका खोलीत सारे कुटुंब झोपते, तिथे ती लवकर पसरते. ती स्वच्छ माणसालाही होते; लाजू नये.

लक्षणे कुठे पाहावीत? बोटांची बेचकी, मनगटे, काखा, बेंबीभोवती, कंबर, जननेंद्रिये आणि स्त्रियांत स्तनांभोवती. तिथे बारीक पुरळ, कधी वेडीवाकडी पुसट रेघ दिसते. तान्ह्या मुलांच्या तळहात-तळपायांवर आणि डोक्यावरही पुरळ येते. गजकर्णाचे गोल चट्टे वेगळे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर रोग घरभर झालेला असतो.

दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नका. खाज तात्पुरती दबते, किडा मरत नाही. खाजवून झालेल्या जखमा पिकल्या, तर क्वचित मूत्रपिंडालाही सूज येते.

डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन ५ टक्के मलम देतात. ते रात्री मानेपासून पायापर्यंत, बेचक्यांत व नखांखालीही लावावे आणि ८ ते १४ तासांनी अंघोळ करावी. आठवड्याने पुन्हा तसेच करावे. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावा. एकजण राहिला, तर त्याच्याकडून रोग परत येतो.

कपडे व चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस ठेवा. अंगापासून दूर हा किडा सहसा दोन-तीन दिवसच जगतो.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहते. घाबरून रोज मलम चोळू नका. त्यापुढेही राहिली किंवा नवे पुरळ आले, तर मात्र पुन्हा दाखवा.