घोट्याची दुखापत व पाय पूर्ववत होण्याचा क्रम

शाळेच्या दैनंदिन व्यवहारात पाय मुरगळणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिची फारशी दखल घेतली जात नाही. कबड्डी खेळताना मूल पडते, कोणी तेल चोळतो, कोणी पाय ओढून ‘लचक काढतो’, आणि चार दिवसांनी मूल पुन्हा धावू लागले की दुखापत बरी झाली असे समजण्यात येते. वस्तुतः वेदना थांबणे आणि तुटलेला अस्थिबंध सांधला जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस काही दिवस पुरतात. दुसरीस आठवडे आणि कित्येकदा महिने लागतात. या मधल्या काळातच घोटा पुन्हा मुरगळतो आणि पुढे वर्षानुवर्षे दुबळा राहतो. हा काळ विद्यार्थ्याने, तसेच प्रसंगी स्वतः शिक्षकाने, कसा काढावा याचे विवेचन पुढे केले आहे.

१. दुखापतीचे स्वरूप

हाडास हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांस अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध रुंद व बळकट असतो. बाहेरील बाजूस तीन अस्थिबंध असून ते त्या मानाने बारीक असतात. यामुळे पाऊल आत वळून पडले की बाहेरची बाजू दुखावते. तिघांपैकी पुढचा पट्टा प्रथम ताणतो. आघात मोठा असेल तर टाचेकडे जाणारा दुसराही तुटतो.

नाशिक शहरात द्वारका येथे मुंबई–आग्रा महामार्ग व नाशिक–पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. सिन्नरकडून वा चांदवडकडून शहरात येणाऱ्या शिक्षकांस हा गजबजलेला चौक परिचित आहे. तेथे बसमधून घाईने उतरताना पाऊल रस्त्याच्या कडेवर अर्धवट पडो, किंवा पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात ओल्या बांधावरून घसरो, घडते ते एकच: तळवा आत वळतो आणि साऱ्या शरीराचा भार त्या बारीक पट्ट्यांवर येतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो व अंग मात्र मध्यरेषेकडे झेपावते, तेव्हाही हीच स्थिती होते.

दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत तंतू केवळ ताणतात. दुसरीत काही तंतू तुटतात, सूज येते व त्वचा काळीनिळी पडते. तिसरीत अस्थिबंध पूर्ण तुटून सांधा सैल होतो. साधारणपणे पहिलीस एक ते तीन आठवडे, दुसरीस तीन ते सहा आठवडे, आणि तिसरीस तीन महिने वा अधिक काळ लागतो.

२. हाड मोडले आहे काय?

हा प्रश्न सर्वप्रथम विचारावयास हवा. कॅनडातील ओटावा येथील वैद्यांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम प्रसिद्ध केले व ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जी हाडांची टोके वर आलेली दिसतात, त्यांच्या टोकावर किंवा मागील कडेवर दाबले असता दुखत असेल. पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावरील अथवा आतील कमानीच्या वरच्या बाजूस असलेल्या हाडावर दाबले असता दुखत असेल. किंवा जखमी व्यक्तीस लंगडत का होईना चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढणे अवश्य आहे.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कोवळी पट्टी असते. ती अस्थिबंधाहून नाजूक असल्याने, मोठ्या माणसात जेथे अस्थिबंध तुटला असता तेथे मुलात ही पट्टीच दुखावण्याचा संभव असतो. यास्तव हाडावर दुखत असल्यास मुलास क्ष-किरणाची सोय असलेल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवावे. पाय ओढून बसविणाऱ्याकडे नेऊ नये. पाऊल वाकडे दिसत असेल, बधिर वा थंड पडले असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये. मात्र साध्या क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाही. ‘फोटोत काही आले नाही’ याचा अर्थ हाड शाबूत आहे एवढाच घ्यावयाचा.

३. पहिले तीन दिवस

जखमी व्यक्तीस खेळातून तत्काळ बाहेर घ्यावे. पायावर भार देऊ नये. बोटांपासून नडगीपर्यंत लवचीक पट्टी बांधावी. बोटे निळी पडू लागली वा मुंग्या आल्या तर ती सैल करावी. आडवे निजून पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवावा. बर्फ मिळाल्यास फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा; न मिळाल्यास माठातील पाण्याची ओली घडी चालते. थंडाव्याचे कार्य वेदना कमी करण्यापुरतेच आहे, त्याने अस्थिबंध सांधत नाही.

या दिवसांत शेक, जोराची मालीश व पाय ओढणे ही तिन्ही वर्ज्य समजावीत, कारण त्यांनी आतील रक्तस्राव व सूज वाढते. आंबेहळद व रक्तबोळाचा लेप घरोघरी लावतात. तो कातडीवर हलकेच लावण्यास हरकत नाही, परंतु त्यासाठी पाय चोळू नये व तपासणीही लांबवू नये.

४. हालचालीचा आरंभ

पूर्वी पाय दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवीत असत. आता बहुतेक दुखापतींत लवकर व बेताने हालचाल सुरू करणे हितकर ठरले आहे. पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधासही सामान्यतः आधारपट्टा व व्यायाम पुरतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. काय करावे हे वैद्याने ठरवावे.

वेदना सोसवेल तसे पुढील व्यायाम करावेत. बाकावर बसून, पाय अधांतरी ठेवून, अंगठ्याने हवेत मुळाक्षरे काढावीत. ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत गेले की घोटा सर्व दिशांस फिरतो. पाय लांब करून चवड्याभोवती पंचा अडकवावा व तो आपल्याकडे ओढावा. पुढे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टेबलाच्या पायास बांधून तिच्या विरुद्ध पाऊल बाहेर ढकलावे. नंतर भिंतीस धरून दोन्ही टाचा उचलाव्यात व शेवटी एकाच पायाची. उकिडवे बसता येणे ही आपल्याकडील नित्याची गरज आहे. तीही आधार धरून हळूहळू साधावी.

चालताना काठी घ्यावयाची ती निरोगी पायाच्या बाजूच्या हातात. मोटारसायकलचे गियर सामान्यतः डाव्या पायाने व मागील ब्रेक उजव्या पायाने लावावा लागतो. म्हणून घोट्यात पुरेशी ताकद येईपर्यंत शिक्षकांनी गाडी चालवू नये. फळ्यापाशी तासन्‌तास उभे राहण्याऐवजी काही पाठ बसून घ्यावेत.

५. तोल पुन्हा शिकणे

ही पायरी बहुधा गाळली जाते. अस्थिबंधात बारीक मज्जातंतू असतात व पाऊल कसे पडले आहे याची वार्ता ते मेंदूस देतात. अस्थिबंधाबरोबर तेही दुखावतात. त्यामुळे सूज गेली तरी पाऊल आत वळू लागल्याचे वेळीच कळत नाही. ही गोष्ट इंग्लंडमधील फ्रीमन यांनी १९६५ साली पुढे मांडली व तोल साधण्याचे व्यायाम सुचविले.

त्यास कोणतेही साहित्य लागत नाही. दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभे राहावे. ते साधले की डोळे मिटून उभे राहावे. त्यानंतर घडी घातलेल्या सतरंजीवर तसेच करावे. आपली लंगडी या क्रमातील शेवटची पायरी होय. आरंभी ती मुळीच खेळू नये.

६. पूर्ववत व्यवहार केव्हा?

दिवस मोजून निर्णय घेऊ नये. पाय काय करू शकतो ते पाहावे. न लंगडता भराभर चालता यावे, जिना उतरता यावा, एका पायावर टाच दुसऱ्या पायाइतक्याच वेळा उचलता यावी व दुखऱ्या पायाने लंगडी घालता यावी. मग सरळ धावणे, त्यानंतर वळणे व अखेर कबड्डी-खोखो, असा क्रम ठेवावा. वेदनाशामक गोळी घेऊन ही परीक्षा करू नये. प्रौढांसही हाच नियम लागू आहे. द्वारकेसारखा चौक ओलांडण्यास एकाएकी थांबता यावे लागते, बाजूस सरता यावे लागते व वेळी धावावेही लागते. तेवढी शक्ती येईपर्यंत तेथे एकट्याने जाण्याची घाई करू नये.

उत्तम साधने हाताशी असतानाही हा काळ फारसा आखडता घेता येत नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्यानजीक गहुंजे येथे बांगलादेशविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात स्वतःच्या गोलंदाजीवर पायाने चेंडू अडविताना हार्दिक पंड्या यांचा डावा घोटा दुखावला. ते त्याच स्पर्धेत परततील अशी आशा होती. परंतु ४ नोव्हेंबर रोजी त्यांना स्पर्धेबाहेर ठेवावे लागले. सामन्यात ते पुन्हा उतरले ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळानंतर.

७. शाळेत घ्यावयाची दक्षता

घोटा एकदा दुखावला असणे हेच तो पुन्हा दुखावण्याचे मोठे कारण असते. यास्तव दुखापतीची तारीख व कोणता पाय हे वर्गशिक्षकांनी नोंदवून ठेवावे आणि खेळ घेणाऱ्या शिक्षकांस व पालकांस कळवावे. मैदानावरील खड्डे व दगड सत्रारंभी काढून घ्यावेत. जखमी विद्यार्थ्यास महिनोन्‌महिने नुसते बसवून ठेवू नये. खेळाच्या तासास त्यास गुणलेखनाचे काम द्यावे व त्याच वेळी वरील व्यायाम करून घ्यावेत. स्पर्धा जवळ आली म्हणून चांगल्या खेळाडूस लवकर उतरविण्याचा मोह होतो. अशा वेळी त्यास एका पायावर तीस सेकंद उभे करून पाहावे. तोल जात असेल, तर त्या सामन्यात दुसऱ्या मुलास संधी द्यावी.