थापेपुरते पन्नास वॅट

काकांनी ट्वीटरची कॉइल चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवली. अंगठीएवढा घेर, केसासारखी बारीक तार. तांब्याची लाली जाऊन कॉइल काळपट पडली होती, एका बाजूचे वेढे सुटून वर आले होते, आणि जळक्या वार्निशचा वास आठवडा उलटला तरी गेला नव्हता. पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या त्यांच्या गाळ्यात अशा कॉइली रोज येत असाव्यात, कारण मी काही सांगण्याआधीच त्यांनी विचारलं, "अ‍ॅम्प केवढा आहे?"

"चाळीस वॅट. आणि स्पीकरवर शंभर लिहिलंय, काका. चाळीसने शंभरचा कसा जळेल?"

"चाळीसचा होता म्हणूनच जळला," ते म्हणाले आणि नवा डायफ्राम शोधायला माळ्यावर चढले.

घरी भाच्याचा वाढदिवस होता. पोरांनी फोन जोडला, बास आणि ट्रेबलची बटणं टोकापर्यंत फिरवली आणि व्हॉल्यूम चढवत नेला. रात्री कधीतरी गाण्यातल्या झांजा ऐकू येईनाशा झाल्या. काकांच्या त्या एका वाक्यात अख्खं उत्तर होतं, पण ते नीट कळायला मला बरेच दिवस लागले.

स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले शंभर वॅट म्हणजे त्याचा आवाज नव्हे. पुलावर 20 टनांची पाटी असते, तसं ते आहे: एवढं सोसेल, याच्यापुढे नेऊ नका. आवाज किती येईल हे सांगणारा आकडा वेगळाच असतो. तो माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात असतो आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. स्पीकरला 1 वॅट द्यायचा, समोर 1 मीटरवर माइक ठेवायचा आणि किती डेसिबल येतात ते मोजायचं. घरगुती लहान स्पीकरचा हा आकडा बहुधा 84 ते 88 असतो.

तीन-चार डेसिबलचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसून पटींचा आहे. 3 डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात. 10 वाढवायचे तर दहापट. आणि दहापट वीज ओतल्यावर आपल्या कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे 50 वॅटचा अ‍ॅम्प देऊन 100 चा घेतला, तर पैसे बरेच जातात आणि पदरात पडतात 3 डेसिबल. तेवढाच फरक 85 ऐवजी 88 चा स्पीकर घेतल्याने पडतो, तोही वीज न वाढवता. अ‍ॅम्पचे वॅट विचारण्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

ही सेन्सिटिव्हिटी मुळात इतकी कमी का असते? कारण स्पीकर हे वीज वाया घालवणारं यंत्र आहे. 86 डेसिबलच्या स्पीकरला शंभर वॅट दिले, तर त्यातला पाव वॅट हवेत आवाज होऊन उतरतो. उरलेल्या पावणेशंभराची उष्णता होते आणि त्यातली बरीचशी त्या केसासारख्या तारेतच निघते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंश सेल्सियसला साधारण 0.4 टक्के. कॉइल दोनशे अंशांनी तापली, तर रोध पावणेदोन पटीच्या आसपास जातो. मग तेवढ्याच व्होल्टेजला स्पीकर कमी वीज घेतो आणि आवाज बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अजून थोडा वाढवावा. तिथून कॉइल जळायला फार वेळ लागत नाही.

पूर्वी सेन्सिटिव्हिटी इतकी कमी नसे. आज घरोघरी असलेल्या फिरत्या कॉइलच्या स्पीकरची रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडली, तेव्हा त्यासोबत दिलेला अ‍ॅम्प्लिफायर 1 वॅटचा होता. त्या काळी वॅट महाग होते, म्हणून स्पीकरलाच कष्ट करावे लागत. अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप गावी पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात क्लिप्शहॉर्न बनवला. कपाटाएवढा स्पीकर, खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना चिकटून ठेवायचा, म्हणजे त्या भिंतीच कर्ण्याचं तोंड होतात. त्याची सेन्सिटिव्हिटी 105 डेसिबलच्या घरात सांगतात. एका वॅटमध्ये दिवाणखाना भरून वाहावा!

मग 1954 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एडगर व्हिल्चर यांनी एआर-1 आणला. बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून त्यांनी शेल्फवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. किंमत मोजली ती वॅटमध्ये. पुढे केएलएच या कंपनीतले जोसेफ अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, यांच्या नावाने ओळखला जाणारा 'लोखंडी नियम' या व्यवसायात रूढ झाला: लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तीनपैकी कुठल्याही दोनच मिळतील. आपण सगळ्यांनी लहान पेटी आणि खर्ज निवडला. बीबीसीने प्रसारणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस3/5ए हा चिमुकला स्पीकर आजही लोक जपून ठेवतात. त्याचा आकडा 83 च्या आसपास आहे. क्लिप्शहॉर्नहून 22 डेसिबल कमी. जो आवाज कर्णा 1 वॅटमध्ये देतो, त्यासाठी याला दीडशेहून जास्त वॅट लागतील, आणि तेवढे याला झेपणारही नाहीत. तरीही माणसाचा आवाज यातून जसा येतो तसा फार थोड्या स्पीकरमधून येतो. लहान खोलीत, जवळ बसून ऐकायचं, एवढीच त्याची अट.

आता आपल्या हॉलचा हिशेब मांडू. स्पीकर 87 डेसिबलचा, आपण बसलोय आठेक फुटांवर. अंतरामुळे आवाज घटतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो. घट साधारण 5 डेसिबल धरू. दोन स्पीकर म्हणून 3 वाढवू. म्हणजे दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला की आपल्या खुर्चीत 85 डेसिबल येतील. बंद खोलीत हा आवाज चांगलाच मोठा आहे. निवांत ऐकताना सरासरी 75 च्या आसपास असते. म्हणजे वॅटचा दहावा भाग!

मग पन्नास कशाला हवेत?

विलंबित ख्याल लावून बघा. तंबोरे चालू आहेत, गायक आलापी करतोय, सरासरी 75 डेसिबल. आणि तबल्यावर 'धा' पडतो. त्या थापेचा टोकाचा क्षण सेकंदाच्या काही सहस्रांशांचा असतो, पण चांगल्या ध्वनिमुद्रणात तो सरासरीच्या वर 20 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. वॅटच्या दहाव्या भागावर चाललेल्या अ‍ॅम्पला त्या क्षणी 10 वॅट द्यावे लागतात. आवाज थोडा चढवून सरासरी 82 केली, तर एरवी अर्धा वॅट आणि थापेला 50. सरासरी 85 झाली, तर एरवी एक वॅट, थापेला 100. सारा राखीव साठा या क्षणांसाठी असतो. तो साठा असेल तर 'धा' बोटांच्या जोरासकट ऐकू येतो. नसेल तर थाप पडते, पण लाकडावर पडल्यासारखी.

साठा संपला की काय होतं, ते क्लिपिंग. अ‍ॅम्पच्या आत जेवढं व्होल्टेज आहे, त्याच्या वर लाट जाऊ शकत नाही. शिखर कापलं जाऊन वर पठार होतं. आवाजाचं बटण आणखी फिरवलं की शिखरं आहेत तिथेच राहतात, पण खालचं सगळं संगीत वर चढत येतं. चाळीस वॅटचा अ‍ॅम्प पार चिरडला, तर तो ऐंशी वॅटपर्यंतही सरासरी शक्ती ओकू शकतो. शिवाय कापलेल्या लाटेच्या कोपऱ्यांतून नवे उंच स्वर तयार होतात. खर्ज वूफरकडे आणि उंच स्वर ट्वीटरकडे वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधून हे उंच स्वर जातात कुठे? ट्वीटरकडे. 'शंभर वॅट'चा स्पीकर म्हणताना त्यातले बहुतेक वॅट वूफरचे धरलेले असतात. नेहमीच्या संगीतात उंच स्वरांची शक्ती थोडी असते, म्हणून ट्वीटरची कॉइल सतत काही मोजकेच वॅट सोसेल अशी बनवतात. त्याहून जाड तार वापरली, तर ती जड होईल आणि झांजेची किणकिण तिला पेलणार नाही. तिच्या नाजूकपणातच तिचं काम आहे.

भाच्याच्या वाढदिवशी तर बासचं बटण टोकाला होतं. टोकाला म्हणजे बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये 10 डेसिबल, म्हणजे खर्जाला दहापट शक्तीची मागणी. ती पुरी करता करता अ‍ॅम्प कापू लागला आणि जळाला ट्वीटर. मोठा अ‍ॅम्प असता तर ट्वीटर वाचला असता का? त्याच आवाजाला, हो. पण मोठ्या अ‍ॅम्पवर पोरांनी बटण आणखी पुढे नेलं असतं तर वूफर गेला असता. खराब होऊ लागलेला आवाज ओळखून हात मागे घेणं कुठल्याच अ‍ॅम्पला जमत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. तार सप्तकात स्वर चिरका येऊ लागला, झांजा वाळूसारख्या सळसळू लागल्या की तिथून मागे यायचं.

अ‍ॅम्पवर लिहिलेले वॅट खरे किती, हा प्रश्न जुनाच आहे. फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये नियम केला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात स्टीरिओंवर 'पीएमपीओ'चे हजार-हजार वॅट छापलेले असत. त्या आकड्याला मोजमापाचा कसलाच आधार नसे. आज ऑनलाइन मिळणाऱ्या तळहाताएवढ्या अ‍ॅम्पवरही 'शंभर वॅट' असतं. त्याचा अडॅप्टर हातात घ्या. 19 व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर चालणाऱ्या अशा अ‍ॅम्पमध्ये लाट फार तर 19 व्होल्टपर्यंत चढेल. तिचं परिणामी (आरएमएस) मूल्य साडेतेरा व्होल्टच्या आत, आणि 8 ओहमच्या स्पीकरला वीस-बावीस वॅट. बाकीचे वॅट येणार कुठून? हे वीस-बावीस वॅटही खोटे नाहीत, लहान खोलीला ते पुष्कळ आहेत. फक्त ते शंभर नाहीत.

ओहमचं एक सांगायला हवं. सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा 2.83 व्होल्टवर मोजतात. 8 ओहमला हे व्होल्टेज म्हणजे 1 वॅट, पण 4 ओहमला 2 वॅट. त्यामुळे 4 ओहमच्या स्पीकरवर 88 लिहिलं असेल, तर ते वॅटमागे 85 समजायचं. अशा स्पीकरला अ‍ॅम्पकडून करंटही दुप्पट लागतो. 8 ओहमला 50 वॅट देणारा अ‍ॅम्प 4 ओहमला 100 देतो का, यावरून त्याच्या ट्रान्सफॉर्मरची ताकद कळते.

नवे डायफ्राम बसवून स्पीकर घरी आले, तेव्हा मी घरातला मल्टीमीटर काढला. 'उणे 12 डेसिबल' पातळीचा, 220 हर्ट्झचा सलग स्वर असलेली फाइल फोनवर घेतली. आधी नेहमीचं गाणं लावून, कधी ऐकलं असेल तेवढ्या मोठ्या आवाजावर बटण ठेवलं. मग अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढल्या, त्या एकमेकींना लागणार नाहीत हे पाहिलं, पुन्हा चालू करून तो स्वर लावला आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजले. (व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर हे करू नका, स्पीकरशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायची भीती असते.) मीटरने 2.4 दाखवले. ध्वनिमुद्रणातलं सर्वांत उंच शिखर या स्वराच्या 12 डेसिबल वर, व्होल्टमध्ये चौपट, म्हणजे 9.6 व्होल्टची मागणी. त्याचा वर्ग करून 8 ने भागलं: साडेअकरा वॅट. इतकी वर्षं मी चाळीसातले साडेअकराच वापरत होतो.

मग बासचं बटण टोकाला नेलं, व्हॉल्यूम त्या रात्री होता तिथे आणला आणि 100 हर्ट्झचा स्वर लावला. 6.3 व्होल्ट. चौपट केले तर पंचवीस. माझ्या चाळीस वॅटच्या अ‍ॅम्पची धाव 18 व्होल्टला संपते.

बास-ट्रेबल पुन्हा मध्यावर आणले, 220 चा स्वर लावला आणि बटण अगदी हळू फिरवत मीटरवर 4.5 आणले. अठराचा चौथा भाग. बटणावरची रेघ जिथे आली, तिथे अ‍ॅम्पच्या काळ्या पट्टीवर आईच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. भाचा आता येतो तेव्हा आधी ती शोधतो.