टकळीचा तास आणि आदली संध्याकाळ

वाचनाच्या तासाला गुरुजी थोडे थकलेले असले तरी तास निभावून जातो. एक मुलगा उभा राहून धडा वाचतो, बाकीची मुले पुस्तकात बोट ठेवून बसतात, आणि घंटा होते. हाताच्या कामाचा तास असा निभत नाही. चाळीस मुलांच्या हाती चाळीस टकळ्या द्या आणि बघा. पाचव्या मिनिटाला दहाजणांचे सूत तुटलेले असते, चारजणांचे पेळू विस्कटलेले असतात, एखाद्याची टकळी गडगडत फळ्याखाली गेलेली असते, आणि चहूकडून एकच हाक सुरू होते, "गुरुजी, माझं तुटलं!" अशा वेळी गुरुजींना दोन हात पुरत नाहीत.

मुलांनी काय शिकावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. शिकवणाऱ्याने अशा गर्दीच्या दिवसाला सामोरे कसे जावे, त्याची तयारी कोणती आणि त्याचा हुरूप टिकावा कसा, यावर फारसे कोणी बोलत नाही. तेच आज बोलायचे आहे. हा प्रश्न आता जुना राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी कुंभार, सुतार, माळी अशा कारागिरांचे काम हाताने करून पाहावे अशी कल्पना आहे. शिवाय २ ऑक्टोबरला आणि १२ फेब्रुवारीला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या अनेकांना टकळी-चरख्याची आठवण होतेच. १९४८ मध्ये १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. त्या तिथीला तिथे भरणारा मेळा आणि सूतांजलीची गुंडी आपल्या भागात सगळ्यांच्या माहितीची आहे. अशा दिवशी शाळेत टकळ्या निघतात. प्रश्न एवढाच, की त्या फोटोपुरत्या निघतात की मुलांच्या हाताला काही लागते.

वर्ध्याचे नाव या बाबतीत सगळ्या देशाने ऐकले ते १९३७ साली. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू ही आपल्या परिचयाची माणसे तिच्यात होती. समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला आणि त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिली. मातृभाषेला चाळीस मिनिटे, समाजशास्त्र आणि विज्ञानाला मिळून तीस. आता विचार करा, तीन तास वीस मिनिटे हाताचे काम! ज्याने स्वतः कधी सूत काढले नाही, त्या गुरुजींवर हा डोंगर कोसळल्यासारखेच झाले असणार. समितीला याची जाणीव होती. म्हणून तिने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि तातडीच्या गरजेसाठी एक वर्षाचा, असे दोन आखले. पगार किमान वीस रुपये आणि शक्यतो पंचवीस असावा, असेही लिहून ठेवले.

पुढे १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामला शिक्षक तयार करण्याचे काम अंगावर घेतले. तिथे शिकायला येणारे शिक्षक मुलांप्रमाणेच सफाई करत, स्वयंपाकात हात लावत, कातत. या क्रमात मोठे शहाणपण होते. जो काम रोज करतो त्याला ते शिकवताना धाप लागत नाही. पुढे मूलोद्योगाच्या शाळा पुष्कळ निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच नावापुरत्या राहिल्या. याची कारणे अनेक सांगतात. माझ्या मते एक कारण अगदी साधे आहे: शाळेची पाटी एका दिवसात बदलता येते, गुरुजींचा हात एका दिवसात बदलत नाही.

तर आता हाताकडेच वळू. टकळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक वीतभर लांबीची बारीक पोलादी काडी, तिच्या खालच्या अंगाला पैशाएवढी चकती आणि वरच्या टोकाला छोटा आकडा. एवढेच यंत्र. उजव्या हाताच्या बोटांनी काडीला पीळ द्यायचा, डाव्या हातातल्या पेळूतून धागा ओढत जायचा, धागा पुरेसा पिळला की तो काडीवर गुंडाळायचा. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची हलकी वळकटी.

या तासाची तयारी तासाला होत नाही, ती आदल्या संध्याकाळी होते. पहिले काम पेळूंचे. सूत तुटते म्हणून मुलाला बोल लावण्याआधी पेळू उजेडात धरून बघावा. त्यात गाठी दिसल्या, सरकीचा कण दिसला, पानाचा चुरा दिसला, तर त्या मुलाचा काय दोष? आपल्या जिल्ह्यात कापसाला तोटा नाही. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी दूरवरच्या बाजारात घेतले जाई. पण घरचा कापूस म्हणजे तयार पेळू नव्हे. कापूस आधी उन्हात द्यावा, सरकी काढावी, नीट पिंजावा, मग पेळू वळावे. पावसाळ्यात हवा ओली असते, कापूस सादळतो आणि पिंजताना त्याचे गोळे होतात. तेव्हा ऊन पडेल त्या दिवशी दोन-चार दिवसांचे पेळू करून डब्यात झाकून ठेवावे. उलट एप्रिलच्या आपल्या कोरड्या झळांत तंतू ठिसूळ होतो, सूत वारंवार तुटते. त्या दिवसांत टकळीचा तास सकाळच्या शाळेत पहिलाच ठेवावा. दुपारी दोन वाजता मुलेही तापलेली आणि सूतही.

पेळू किती लागतील याचा हिशेब करून ठेवावा. चाळीस मुले असतील तर दरडोई चार याप्रमाणे एकशेसाठ पेळू. शिकाऊ हातात निम्मे वाया जातात हे धरूनच हा आकडा आहे. हे काम एकट्या गुरुजींचे नव्हे. सातवी-आठवीची चार मुले हाताशी घेतली की तासाभरात होते. त्याच चार मुलांचा दुसऱ्या दिवशी फार मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

दुसरे काम टकळ्यांचे. प्रत्येक टकळी पाटीवर उभी धरून फिरवून पाहावी. सरळ काडीची टकळी भोवऱ्यासारखी झोप घेते, वाकडीची डुलते. डुलणारी टकळी मोठ्या माणसाच्या सवयीच्या हातात चालेल एक वेळ, पण नवशिक्याला ती रडवते. तिची काडी सपाट दगडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करावी. आकड्याला धार आली असेल तर ती सूत कापते, ती घासून काढावी. चकती ढिली असेल ती टकळी बाजूला ठेवावी. या कामाला अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास दुसऱ्या दिवशीची निम्मी हाकाहाक वाचवतो. शिवाय एका डबीत बारीक चाळलेली राख ठेवावी. घामट बोटांना चिमूटभर राख लावली की काडी बोटांतून सटकत नाही.

आणि तिसरे काम असे, की संध्याकाळी गुरुजींनी स्वतः दहा-पंधरा मिनिटे कातावे. हे मी सगळ्यांत महत्त्वाचे समजतो. विनोबांनी कातण्यावर पुस्तक लिहिले, पण आधी वर्षानुवर्षे कातले. स्वतःच्या कातण्याच्या मजुरीत आपला निर्वाह होतो का, हे त्यांनी नालवाडीला राहून अजमावून पाहिले. आपल्याला तेवढे करायचे नाही. पण ज्याच्या बोटांना आदल्या संध्याकाळचा धागा आठवतो आहे, त्याचा आवाज वर्गात चढत नाही. मुलाचा हात कुठे अडला आहे हे त्याला लांबूनच दिसते. बहुतेक वेळा अडचण एकच असते: मूल पेळू मुठीत आवळून धरते, धागा निघायला वाटच राहत नाही. "पाखराचं पिलू धरतोस ना, तसं धर," एवढे सांगितले की पुरते. पण हे सुचायला स्वतःच्या बोटांनी ते केलेले असावे लागते.

आता प्रत्यक्ष दिवस. सगळ्यांना एकदम कापूस देऊ नये. पहिली दहा मिनिटे नुसती टकळी फिरवावी, कापसाशिवाय. तेवढ्या वेळात गुरुजींनी वर्गातून एक फेरी मारावी आणि मनाशी तीन गट करावेत: ज्याची फिरते तो, ज्याची अधूनमधून फिरते तो, आणि ज्याला जमतच नाही तो. पहिल्या गटाला लगेच पेळू द्यावा. दुसऱ्यांच्या जोड्या लावाव्यात, म्हणजे एकाने टकळी फिरवायची आणि दुसऱ्याने धागा ओढायचा, मग अदलाबदल. तिसऱ्या गटाजवळ ती आठवीची चार मुले बसवावीत. त्यांच्या टकळ्यांना आदल्या दिवशीच हातभर कातलेला धागा बांधून ठेवलेला असावा, म्हणजे सुरुवात कोऱ्या काडीपासून करावी लागत नाही. गुरुजी मोकळे राहतात आणि जिथे गरज तिथे जातात.

तुम्हाला गंमत वाटेल, पण ही युक्ती फक्त आपल्याच शाळेची नाही. काश्मीरात गुलमर्गला बर्फाच्या उतारावर पायांना लांब फळ्या बांधून घसरत जाण्याचा खेळ शिकवतात. त्याला स्कीइंग म्हणतात. त्यासाठी तिथे सरकारी संस्थाही आहे. सुटीच्या दिवसांत अशा खेळाच्या ठिकाणी शिकाऊ लोकांची झुंबड उडते. तिथला जाणता शिक्षकही आधी सपाट जागेवर सगळ्यांना चार पावले टाकायला लावतो, कोण कितपत तयार आहे ते बघून गट पाडतो, आणि मगच उतारावर नेतो. फळ्या आणि बांधणी बर्फावर जाण्याआधी तपासून घ्याव्या लागतात, कारण तिथे ढिला पट्टा म्हणजे मोडलेला पाय. आपल्याकडे पायाचा धोका नाही. पण पहिल्याच दिवशी टकळी न जमलेले मूल "हे आपलं काम नाही" असे मनाशी ठरवून बसते, आणि ते मोडलेले सांधायला पायापेक्षा जास्त दिवस लागतात.

हुरुपाविषयी बोलायचे तर भाषणांनी तो येतो यावर माझा विश्वास नाही. गर्दीच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी शिक्षकांना जमवून त्यागाच्या चार गोष्टी सांगितल्या, तर शिक्षक मान डोलावतात आणि मनात म्हणतात, "एकशेसाठ पेळू कोणी करायचे ते सांगा!" त्यापेक्षा मुख्याध्यापकांनी एवढेच करावे. त्या दिवशी टकळीच्या गुरुजींना, बाईंना दुसरे काही सांगू नये. पोषण आहाराची नोंद, वर पाठवायची माहिती, आलेल्या पाहुण्यांचा चहा, हे सारे त्या दिवसापुरते दुसऱ्याकडे द्यावे. तासाच्या मध्येच "जरा ऑफिसात या" असा निरोप पाठवू नये. जमलेच तर स्वतः एक टकळी घेऊन मुलांच्या रांगेत बसावे. त्यांचे सूत तुटले आणि मुले हसली तर अधिकच चांगले.

गावातली जाणती माणसेही विसरू नयेत. आपल्या खेड्यांत अजून अशा आज्या आणि आजोबा भेटतात, ज्यांनी लहानपणी शाळेत टकळी फिरवली होती. त्यांना सन्मानाने बोलवावे, पाट टाकून बसवावे. भाषण करायला मात्र सांगू नये, कातायला सांगावे. एक आजी सहा मुलांना सहज सांभाळते, आणि तिच्याजवळची मुले गोंधळ करत नाहीत हे वेगळेच.

शिक्षकाला उमेद देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दिसणारे फळ. जुन्या मापाने चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे सहाशेचाळीस तारांची, एक गुंडी. चाळीस मुलांनी सोळा-सोळा तारा काढल्या की बरोबर एक गुंडी होते. एका मुलाचे सोळा तारांचे सूत चौसष्ट फूट भरते. पहिल्या दिवशी हे साधणार नाही, चार-पाच तास लागतील. पण भिंतीवर एक कागद लावून रोजच्या तारा मांडाव्यात. बेरीज मुलांनीच करावी, म्हणजे गणिताचा तासही त्यातच होतो. सूत किती बारीक आहे तेही मोजता येते. ज्या सुताच्या सोळा गुंड्या सुमारे एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम भरतात, त्याचा अंक सोळा. नवशिक्याचे सूत याहून पुष्कळ जाड निघते, आणि निघू द्यावे. बारकाव्याची घाई केली की तुटण्याची हाक पुन्हा सुरू होते.

तास संपल्यावर शिक्षकांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. कोणाचा गट अडला, कोणती टकळी वाईट निघाली, कोणत्या मुलाला आज पहिल्यांदा धागा निघाला, एवढेच बोलावे. कोणाची चूक झाली याचा पंचनामा नको. ज्यांना हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहावे. ते गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडले गेले. सेवाग्रामला नई तालीमच्या परिसरात २००५ पासून पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळाही आहे. आधी विचारून जावे, आणि शक्य असेल तर एकट्याने न जाता शाळेतल्या दोघा-तिघांनी मिळून जावे, म्हणजे परत आल्यावर बोलायला सोबत असते.

तुटलेले सूत मात्र फेकू नये. वर्गात एक टोपली ठेवावी आणि तास संपताना मुलांनी सगळे तुकडे तिच्यात टाकावेत. महिनाभराच्या तुकड्यांची छोटी उशी भरते. ती राखेच्या डबीशेजारी ठेवली की टकळ्या टोचून ठेवायला कामी येते.